रॅबीच्या नावाची दोरी

प्रिय रॅबी,

वॅटच्या दफनासाठी तू पाठवलेलं पुष्पचक्र वेळेवर पोचलं. चांगलं मोठं होतं. वॅट असता तर म्हणाला असता, "एवढ्या पैशांत विमानाचं अर्धं तिकीट आलं असतं, लेका!" रागावू नकोस, त्याच्या वतीने कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहिलं. आणि अक्षराला हसू नकोस. कार्डिफच्या रग्बी सामन्यात मोडलेली बोटं पुन्हा कधी सरळ झालीच नाहीत.

गावाचं म्हणशील तर आपण तिघं ज्या लोकरीच्या गिरणीत राबलो, तिथे आता एडिंबरोहून आलेली माणसं फ्लॅट घेऊन राहतात. माझी नॅन गेली ते तुला कळवलंच होतं. मुलगी कॅनडातून रविवारी फोन करते आणि मी जेवलो का विचारते. मी सूप केलं म्हणून सांगतो. तयार सुपाचा डबा उघडला एवढंच खरं असतं. शनिवारी सामन्याला जातो. आताची पोरं गुणी आहेत, उठून खुर्ची देतात, मला "सर" म्हणतात. त्यापेक्षा शिवी दिलेली बरी.

परवा त्यातल्या एकाने विचारलं, स्कॉटलंडकडून खेळताना सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची? मी काहीतरी थाप मारली. खरं उत्तर तुलाच कळेल. स्क्रममध्ये दोन्हीकडचे गडी वाकून, डोकी अडकवून रेटतात, तेव्हा मधल्याचे, म्हणजे माझे, दोन्ही हात शेजारच्या दोघांच्या खांद्यांवर अडकलेले असतात. पडला तर सावरायला हात नाही. आपल्या गावच्या संघात डावीकडे तू, उजवीकडे वॅट, त्यामुळे पडण्याचा विचार माझ्या कधी डोक्यातच आला नाही. निवड समितीला वाटलं, हा मधला फार चपळ आहे. अरे, दोन भिंतींच्या मध्ये मांजरही चपळ दिसतं! माझी निवड झाली तेव्हा मुकादमाने माग थांबवून सगळ्यांसमोर सांगितलं, "गिड, आता तरी मान घासून धूत जा, सगळा देश बघणार आहे." सगळ्यात मोठ्याने तू हसलास. पण मी देशाकडून मरेफील्डच्या मैदानात, चिखलात उतरलो, तेव्हा दोन्हीकडे परके खांदे होते. तू तोवर यॉर्कशरला, पैसे घेऊन तेरा जणांचं रग्बी खेळायला गेला होतास. तुझ्या वडिलांची छाती गिरणीने खाल्ली होती आणि घर तुझ्यावर होतं. मी चार हिवाळे देशाकडून खेळलो, मग डब्लिनला गुडघा गेला आणि संपलं. लोक त्याला कारकीर्द म्हणतात. तू राहिला असतास तर देशाकडून खेळणाऱ्याला मिळते ती टोपी तुझ्याही डोक्यावर आली असती, हे गावात आजही सगळे कबूल करतात.

तुझ्या वडिलांना पोचवून आपण क्लबात चहाला गेलो, तो दिवस मी विसरलेलो नाही. दारात सेक्रेटरी हीटली उभे. "तुझ्या बापाचं फार वाईट झालं, पोरा. पण नियम तुला ठाऊक आहे." पैशांसाठी खेळलेल्याला उंबरठ्याच्या आत घ्यायचं नाही, मग बाप गेलेला असो नाहीतर आई. वॅट आत गेला आणि तीन कप घेऊन बाहेर आला. "आतला चहाही असाच पाणचट आहे, तू काही गमावलं नाहीस," म्हणाला. वाऱ्यात उभं राहून आपण तो प्यायलो. तू कप कठड्यावर हळूच ठेवलास आणि म्हणालास, "या गावात पुन्हा पाय ठेवणार नाही." पुढच्या वर्षी तू थेट ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडला गेलास. शब्दाचा पक्का निघालास रे तू.

तो नियम जाऊन किती वर्षं झाली. हीटली गेले. तुझा फोटो पुन्हा क्लबाच्या भिंतीवर लागला आहे. संडासाच्या वाटेवर आहे, तेव्हा फार फुगू नकोस.

आता वॅटचं सांगतो. पेटी खड्ड्यात सोडताना जवळच्या माणसांपैकी कोणी कोणती दोरी धरायची हे त्याने स्वतःच ठरवून ठेवलं होतं. डोक्याशी मुलगा, उजव्या खांद्याशी मी, डाव्या खांद्याशी तू. मुलाने तुला फोन केला तेव्हा तू "बघतो" म्हणालास, पण बापाचं सांगणं त्याने तुझ्या कानावर घातलं नाही. गळ घातल्यासारखं झालं असतं, म्हणाला. दफनाच्या वेळी एकेक नाव पुकारलं गेलं. तुझंही पुकारलं. कोणी पुढे आलं नाही. वॅटचा जावई हात पुढे करत होता, पण मुलगा म्हणाला, "नको. बाबांनी सांगितलंय, रॅबीकाका आले नाहीत तर ती दोरी गवतावर राहू द्या." आम्ही पेटी खाली सोडली. तुझ्या बाजूने ती थोडी कलली, मी माझ्याकडून ओढून धरली आणि कशीबशी खाली गेली. कोणी तुला नावं ठेवली नाहीत. मी मात्र मनातल्या मनात भरपूर ठेवली.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? नंतर सगळे क्लबात चहाला गेले. मी दारापर्यंत गेलो आणि लक्षात आलं की आत मला "गिड" म्हणणारं एकही माणूस उरलेलं नाही. तसाच घरी आलो. दुसऱ्या दिवशी माझ्या पेटीच्या दोऱ्या कोणी धरायच्या, ती नावं ठरवून दफनाचं बघणाऱ्याला सांगून आलो. त्यात तुझं नाव नाही, रॅबी. मी मेल्यावर तू यावंस असं मला वाटतच नाही. तेव्हा तुझा मला काय उपयोग? तू आता ये. क्लबात जायचं नसेल तर नको जाऊस, मी कप बाहेर आणीन. तुला घ्यायला बसथांब्यापर्यंत अजून मला चालवतं. फार एकटं वाटतं रे, एवढंच सांगायचं होतं.

तुझाच,
गिड