तोंडातल्या टाचण्या

बुधवार, ४ मार्च

मिळाली! भूमिका मिळाली. दौत शोधायला धीर नाही म्हणून हे पान पेन्सिलीने लिहितो आहे. उद्या शाईने गिरवीन.

नोकराची भूमिका आहे, तिसऱ्या अंकात, न्यायाधीशांच्या घरी. पडदा उघडल्यापासून चाळीस मिनिटं दाराशी उभं राहायचं आणि शेवटी एक वाक्य — "साहेब, गाडी आली आहे." ते ऐकून न्यायाधीश निघून जातात आणि पडदा पडतो. बस्स. पण ते वाक्य माझं! दोन वर्षं विंगेत संहिता धरून उभा आहे, नटांना त्यांची विसरलेली वाक्यं कुजबुजून देतो आहे. माझा आवाज प्रेक्षकांना ऐकू गेला तर ती चूक. आता शेवटच्या रांगेपर्यंत गेला नाही तर चूक. मला टाळ्या नकोत. उजेडात उभं राहून एक वाक्य पूर्ण आवाजात बोलायचं आहे.

दिग्दर्शक म्हणाले, "दादांनी तुझं नाव सुचवलं. का, ते त्यांनाच ठाऊक." दादा म्हणजे आमचे मुख्य नट, न्यायाधीश तेच करतात. वय बासष्ट. दोन वर्षांत माझ्याशी दहा वाक्यं बोलले नसतील, आणि त्यांतली निम्मी "जरा पुढे उभा राहा रे, दिसत नाहीस" हीच. मग त्यांनी माझ्यात काय पाहिलं? आईला म्हणालो, त्यांना माझ्यात नट दिसला असणार. आई म्हणाली, "दिसला तर दिसला. जेवून घे."

गुरुवार, ५ मार्च

मामांना दुकानात सांगितलं. आठवीत शाळा सुटल्यापासून त्यांच्याकडेच काजं-बटणं करतो, सकाळी नऊ ते पाच. ते कोट कापत होते. कात्री थांबली नाही.

"एक वाक्य?"

"हो, मामा."

"आणि त्यासाठी चाळीस मिनिटं उभा? अरे, ते काम काचेतला आपला पुतळाही करतो, आणि त्याला तर डोकंसुद्धा नाही!"

कारागीर खो-खो हसले. मीही हसलो — न हसून करतो काय.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मात्र मामा नीट बोलले. "भाचा आहेस म्हणून सांगतो. माझे डोळे आता साथ देत नाहीत. कापायच्या टेबलावर मला पूर्ण वेळ माणूस हवा, पाच वाजले की पळणारा नको. हे नाटक होऊ दे. त्यांनी तुला ठेवलं तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. काढलं, तर दुसऱ्या दिवशी कात्री हातात घ्यायची आणि पुन्हा नाटकाचं नाव काढायचं नाही. कबूल?"

कबूल म्हणालो. विचार न करता! मी — जो शिवलेलं बटणसुद्धा दोनदा ओढून पाहतो!

शनिवार, ७ मार्च

तालीम. लिहू नये असं वाटतं, पण लिहितो.

दिग्दर्शकांनी मला दादांच्या खुर्चीमागे उभं केलं. दादा म्हणाले, "मागे नको. समोर, त्या दाराशी. नोकर माझ्या नजरेसमोर पाहिजे." म्हणून दाराशी गेलो. अंक अर्धा झाला असेल, तेवढ्यात — "थांबा!" दिग्दर्शक तडक माझ्याकडे आले.

"काय बडबडतोयस?"

"मी काही बोललो नाही, सर."

"तू नाही, तुझे ओठ बोलतायत! दादांचं प्रत्येक वाक्य तू त्यांच्या आधी चघळतोस. रवंथ करायला गाय आहेस का?"

सगळे हसले. दादा हसले नाहीत.

खोटं नाही ते. दोन वर्षं हेच काम केलं, या नाटकाच्या आधीच्या तालमींतही; सगळं नाटक तोंडात बसलं आहे. वाक्य यायच्या आधी ओठ उचलले जातात, मला कळतही नाही.

निघताना दिग्दर्शक म्हणाले, "प्रेक्षक न्यायाधीशांना सोडून तुझं तोंड बघत बसतील. प्रयोगात ओठ हललेले मला दिसले, तर पुढच्या प्रयोगाला तुझ्या जागी टोपीची खुंटी उभी करीन. खुंटीला ओठ नसतात." मग त्यांनी दादांना पाठीमागून दोनदा हाक मारली. दादा वळलेही नाहीत, कोट काढत राहिले. मोठ्या माणसांचा तोरा! मला असा तोरा कधी जमेल?

रविवार, ८ मार्च

आरशासमोर तिसरा अंक मनात म्हटला. पहिल्याच पानाला ओठ अकरा वेळा हलले. पुढे मोजलं नाही.

सोमवार, ९ मार्च

उपाय सापडला! मामा अस्तर जोडताना टाचण्या ओठांत धरतात, टोकं आत, डोकी बाहेर. तेवढा वेळ गिऱ्हाईक काहीही बोलो, मामा गप्प. मीही चार टाचण्या धरल्या आणि काजं करता करता मनात अंक म्हटला. ओठ हलला की टोचतंच.

मामा बघत होते. "गिळशील एखादी, आणि तुझी आई मला उभा चिरेल." मग थोड्या वेळाने, "बरं झालं तुझ्या मामीला हे सुचलं नाही. तीस वर्षं मुका राहिलो असतो."

दुपारपर्यंत जिभेवर दोन टोचे. संध्याकाळपर्यंत एकही नाही.

बुधवार, ११ मार्च

तालमीत टाचण्या तोंडात आहेत असं मनाशी धरलं. चाळीस मिनिटं ओठ जागचे हलले नाहीत! दिग्दर्शक ओरडले, "शाब्बास! भिंत झालास!"

पण दादा सात ठिकाणी अडले. ते कुठे अडतात ते मला पाठ आहे, त्यांतली ही एकही जागा नव्हे. माझ्या जागी विंगेत आलेल्या मुलीने साती वाक्यं नीट दिली होती — मला दाराशी ऐकू आली, मग खुर्चीत तिच्या हाताच्या अंतरावर बसलेल्या दादांना ती का मिळू नयेत? उलट तिच्यावरच उखडले. "द्यायची तर नीट द्या वाक्यं! पुटपुटता काय!" ती रडकुंडीला आली. तिला म्हटलं, "थोडी पुढे उभी राहा, त्यांना ते लागतं." म्हणाली, "आणखी पुढे गेले तर मलाच टाळ्या पडतील."

शुक्रवार, १३ मार्च

आज नऊ ठिकाणी अडले.

जिन्यात दिग्दर्शक व्यवस्थापकांशी बोलत होते. मी वर होतो, त्यांना दिसलो नाही. "वय झालं त्यांचं. पहिले दोन प्रयोग बघू. निभावले तर ठीक, नाहीतर माणूस बदलायचा."

नंतर दादांनी मला बोळात गाठलं. खांद्यावर हात ठेवला आणि चेहऱ्याकडे बघत राहिले. "तू एकदम असा दगड का झालास रे?"

"सर म्हणाले, ओठ हलवले तर काढीन."

त्यांनी हात काढून घेतला. "हं. सर म्हणाले तर बरोबरच आहे." आणि गेले.

माझं काम त्यांना आवडत नाही बहुतेक. नाव सुचवल्याचा पश्चात्ताप होत असेल.

रविवार, १५ मार्च

सकाळ. आज पहिला प्रयोग. सदऱ्याला पाच बटणं. पाचही दोनदा ओढून पाहिली. साहेब, गाडी आली आहे. साहेब, गाडी आली आहे.

सोमवार, १६ मार्च

काल प्रयोग झाला. क्रमाने लिहितो.

पहिले दोन अंक बरे गेले. तिसऱ्यात न्यायाधीश आपल्या मुलीला सांगतात की ज्याला त्यांनी शिक्षा दिली तो माणूस निर्दोष होता. दादा म्हणाले, "त्या दिवशी न्यायालयात मी —" आणि थांबले. आधी वाटलं, अभिनय आहे. मग गुडघ्यावर कोटाचं टोक मुरगळणारी त्यांची बोटं दिसली. विंगेतून वाक्य आलं. पुन्हा आलं. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने की पहिल्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. दादांनी तिकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते, फक्त माझ्याकडे. ते वाक्य माझ्या तोंडात पूर्ण तयार होतं, शेवटच्या शब्दापर्यंत! मी दात आवळले. टाचण्या आहेत, टाचण्या आहेत.

दादांनी दोन पानं गाळली. मुलीचं काम करणाऱ्या बाईंनी कसंबसं सावरलं. मग माझं वाक्य आलं. मी म्हटलं. शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

आत गेल्यावर दिग्दर्शकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "आज एकटा हा चोख होता. जागा तुझी." दादा दहा पावलांवर रंग पुसत बसले होते. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? झाला.

निघताना त्यांच्या मागे उभं राहून म्हटलं, "येतो, दादा." उत्तर नाही. रागावले असतील.

मंगळवार, १७ मार्च

मामांनी शब्द पाळला. "जा, हो पुतळा," म्हणाले. पण चष्मा पुसत बराच वेळ बसले.

गुरुवार, १९ मार्च

दुपारी दादा दुकानात आले. न्यायाधीशाचा कोट सैल होतो, पाठीत आत घ्यायचा होता. मी मागे उभा, टाचण्या तोंडात. एक बाजू टाचली आणि विचारलं, "दादा, एवढं पुरे?" उत्तर नाही. मोठ्याने विचारलं. मामांनीही टेबलावरून विचारलं. दादा समोरच्या भिंतीकडे बघत स्वस्थ उभे. मी पुढे आलो आणि दातांतून पुन्हा विचारलं.

"टाचण्या काढ," ते हळूच म्हणाले. "कळत नाही मला."

काढल्या.

"दोन वर्षं तुझे ओठ बघून नाटक करतोय. कानात यंत्र दिसलं की हे नाटकवाले मला घरी बसवतील. म्हणून तर तुला त्या दाराशी मागून घेतलं."

रविवारी दुसरा प्रयोग. दिग्दर्शक तिसऱ्या रांगेत बसतात.

मी तिसरा अंक सुरुवातीपासून म्हटला, आवाज न काढता. दादांनी तो मोठ्याने म्हटला. एकही जागा अडली नाही. शेवटचं वाक्य माझं. तेही आवाज न काढताच म्हटलं. ते वळले आणि टाचण्या लावलेल्या कोटात दाराकडे चालत गेले, नाटकात जातात तसे.

मामांची कात्री थांबली होती. त्यांना म्हटलं, सोमवारपासून ती माझी.