सिंबल गायब आहेत

९ जानेवारी, सकाळी ८.४०
नवी वही. संकल्प तीन. एक, रोज चालायला जाणे. दोन, चिडायचं नाही. तीन, घरात बँडचा विषय काढायचा नाही. गेल्या वर्षी मुलीच्या होणाऱ्या सासूला मी बँडचा इतिहास चाळीस मिनिटं सांगितला होता. बाई ऐकत होत्या, बायको मात्र नंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.
दवाखान्यात मशीन पुन्हा बिघडलंय. आमचा कानाचा दवाखाना. रोज पहिला पेशंट यायच्या आत मी स्वतः हेडफोन लावून मशीनचे सगळे आवाज ऐकतो, जाड्यापासून बारीकापर्यंत. सगळ्यात बारीक दोन येतच नाहीत. रजिस्टरमध्ये लाल पेनने लिहिलं: बिघाड. चोवीस वर्षं झाली. मशीनं बदलली, माझा कान तोच आहे. डॉक्टरीणबाईंना याची जाणीव आहे, बोलून दाखवत नाहीत एवढंच.

१२ जानेवारी
मशीनवाला येऊन गेला. तिसऱ्यांदा. म्हणाला, मशीन ठणठणीत आहे, मला दोन्ही आवाज येतायत. येणारच. ज्या कंपनीचं मीठ खातो तिच्याविरुद्ध कसा बोलेल? त्याला चार शब्द सुनावले. संकल्प दोन मोडला, पण कामाच्या बाबतीत चिडणं हे चिडणं धरत नाही.
चालायला गेलो नाही. गारठा.

२० जानेवारी
रेकॉर्ड आली! पोस्टमनच्या हातून अक्षरशः हिसकावून घेतली.
बँडचं नाव इथे लिहीत नाही. ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, ज्याला माहीत नाही त्याची लायकी नाही. तीन पोरं, टायरच्या दुकानामागचं गोदाम, दोन दिवस, एकोणतीस मिनिटं. इतकं वेगात, इतकं जोरात आणि इतकं घाणेरडं त्याआधी कोणी वाजवलंच नव्हतं. दुकानदारांनी रेकॉर्डी परत पाठवल्या, छापताना बिघडल्यात म्हणून. आज जगात जेवढे म्हणून किंचाळतात ते सगळे यांचंच उष्टं खातात.
मी तेरा वर्षांचा होतो. मावसभावाने कॅसेट दिली. पहिल्यांदा ऐकून घाबरलो, दुसऱ्यांदा ऐकून रडलो, तिसऱ्यांदा वडिलांनी प्लग काढला. वर्गात मला कोणी विचारत नव्हतं. त्या तिघांनी विचारलं असं वाटलं. हे कोणाला सांगता येत नाही, म्हणून वहीत.
यंदा चाळीस वर्षं झाली. म्हणून जुनी टेप साफसूफ करून नवी रेकॉर्ड काढलीय, आणि एप्रिलात मेळावा आहे. गिटारवाला वारला, पण ड्रमर येणार. त्याला आम्ही घण म्हणतो. एकतीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता, ड्रमला हात लावला नाही. मेळाव्यात एक गाणं वाजवणार आहे. तिकीट काढलंय. घरी सांगितलंय की ट्रेनिंग आहे.
रात्री ऐकणार नाही. उद्या रजा टाकून, नीट, अंघोळ करून ऐकणार.

२१ जानेवारी, दुपारी १.१५
सिंबल नाहीत.
ड्रमवरच्या पितळी थाळ्या! घणने ज्या थाळ्या फोडल्या, ज्यांच्यासाठी आम्ही त्याला देव मानतो, त्या साफसफाईत पुसून टाकल्या! पाच वेळा ऐकलं. हेडफोन बदलून ऐकलं. जुन्या कॅसेटमधल्या थाळ्या मला पाठ आहेत, त्या डोक्यात वाजतातच. गायब. नुसतं ढब ढब. गोधडी अंथरून वाजवल्यासारखं.
जेवण गेलं नाही.

२२ जानेवारी
आमच्या ग्रुपवर लिहिलं. सहाशे लोक आहेत, चालवतात मास्तर. रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर, बँडचा एकूण एक पोस्टर त्यांच्याकडे आहे. मी शीर्षक दिलं: सिंबलचा खून. खाली सही करताना 'श्रवणतज्ज्ञ' असं लिहिलं. तसा मी टेक्निशियन आहे. पण ऐकण्यातला जाणकार तो श्रवणतज्ज्ञ, शब्दशः पाहिलं तर चूक नाही.
संध्याकाळपर्यंत ग्रुप पेटला. मास्तर म्हणाले, मलाही वाटतच होतं, पण म्हटलं आपलंच काही असेल. एक रिटायर्ड नर्स म्हणाली, मलाही नाही येत हो. एकेक जुना माणूस पुढे यायला लागला. डोळे भरून आले. मी एकटा नव्हतो.
तिशीच्या आतले काही म्हणतात, सिंबल आहेत, उलट टोचतात. कानामागून आले आणि तिखट झाले. यांना टोचणारच, सवय कुठेय?

३० जानेवारी
रेकॉर्ड कंपनीला पाठवायच्या निषेधपत्रावर २१४ सह्या. सरासरी वय मास्तरांनी काढलं, चोपन्न. म्हणजे अनुभवी लोक आहेत.
टेप साफ करणाऱ्या इंजिनियरने उत्तर पाठवलं: सिंबल जागेवर आहेत, आपण आपली ऐकण्याची व्यवस्था तपासून घ्यावी. नाचता येईना अंगण वाकडं! हे असं जाहीर लिहिलं मी त्याला. एकशे नव्वद लोकांनी टाळ्या दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला टाळ्या मिळाल्या. दिवसभर हवेत होतो. दोन पेशंटचा उजव्याऐवजी आधी डावा कान तपासला.

४ फेब्रुवारी
त्याचं तोंड बंद करायला पुरावा हवा. दवाखाना सुटल्यावर काचेच्या खोलीत बसून स्वतःची टेस्ट घेतली. मशीन दाराजवळ ओढलं, एका हाताने आवाज सोडला, दुसऱ्या हाताने 'ऐकू आला'चं बटण दाबलं. निकाल: दोन्ही कान वीस वर्षांच्या माणसाचे. ग्राफ काढून ग्रुपवर टाकला. मशीनमध्ये बारीक आवाज येत नसूनसुद्धा मी ते ओळखले, हे विशेष.

११ फेब्रुवारी, रात्री ९
घणचं पत्र आलं, ईमेलवर. खुद्द घणचं. मला. नाव घालून.
तो कोणाला पत्र लिहीत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. त्याने लिहिलंय की तुम्ही कानाचंच काम करता असं कळलं, ग्राफही पाहिला. टेप साफ होत होती तेव्हा चार महिने मी इंजिनियरशेजारी बसून होतो आणि सगळं ठीक आहे असं मीच सांगितलं. त्याला बोलू नका, चूक माझी आहे. रेकॉर्ड परत मागवायला सांगतो. आणि सिंबल आहेत की नाहीत हे ज्याला कळत नाही त्याने चार लोकांसमोर ते वाजवू नयेत. मी एप्रिलात येत नाही. तुम्ही खरं बोललात, आभार.
आम्ही जिंकलो. ग्रुपवर टाकायला हवं. टाकतो उद्या.

१२ फेब्रुवारी
टाकलं नाही. डोकं दुखत होतं.

१३ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंना माझ्या टेबलावर तो ग्राफ सापडला. विचारलं, कोणाचा? माझा. आवाज कोणी सोडले? मी. बटण कोणी दाबलं? मी. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, चला, बसा आत.
चोवीस वर्षं मी काचेच्या बाहेर असतो. आज पेशंट म्हणून आत होतो. सुरुवातीचे आवाज आले. मग थांबले. मला वाटलं, बाई थांबल्या. काचेतून पाहिलं तर त्यांचं बोट बटणावर होतं. दाबत होत्या. परत दाबत होत्या. आणि चेहरा तसा केला होता जसा मी करतो, पेशंटला काही कळू नये म्हणून. तो चेहरा समोरून इतका स्पष्ट कळतो हे मला माहीत नव्हतं.
ग्राफ निम्म्यापर्यंत सरळ, पुढे जिना उतरावा तसा खाली. मी म्हणालो, सर्दी आहे. त्यांनी कानात पाहिलं, म्हणाल्या, नाही. मी म्हणालो, मळ असेल. म्हणाल्या, नाही. मग विचारलं, हेडफोनवर मोठ्याने काही ऐकता का? मी म्हणालो, थोडंफार.
रजिस्टर चाळून त्यांनी माझे लाल पेनचे 'बिघाड' मोजले. एकोणचाळीस. त्यापायी दोन नवे हेडफोन आणि मशीनवाल्याच्या तीन खेपा. उद्यापासून सकाळची तपासणी झाडूवाल्या मावशी करतील म्हणाल्या. त्यांचे कान चांगले आहेत.

१४ फेब्रुवारी
मावशींनी हेडफोन लावला. बारीक आवाजालाही बोट वर. मी रजिस्टरमध्ये खूण केली. मावशी म्हणाल्या, किती गोड वाजतं हो दादा, पाखरासारखं. लाजेने मला त्यांच्याकडे बघवेना.

१६ फेब्रुवारी
संकल्प: घणला आज सगळं खरं कळवायचं.
कच्चा खर्डा केला. फार उघडावाघडा वाटला. शिवाय ग्रुपचीही अब्रू आहे, २१४ लोकांचा प्रश्न आहे, माझा एकट्याचा नाही. मधला मार्ग काढला. लिहिलं की पुन्हा शांतपणे ऐकल्यावर काही ठिकाणी सिंबल असल्याचं जाणवलं, तरी आपण निर्णयाचा फेरविचार करावा. सभ्य आणि मुद्देसूद. पाठवलं. मोकळं वाटलं.

१९ फेब्रुवारी
उत्तर आलं. तुम्ही फार भले आहात, पण माझं मन राखण्यासाठी खोटं बोलू नका. ड्रम विकायला काढलाय.
मोकळं वाटेनासं झालं.

२० फेब्रुवारी, पहाटे ५
ज्या माणसाने तेरा वर्षांच्या पोराला विचारलं, त्याला मी सहासष्टाव्या वर्षी ड्रम विकायला लावला. आणि कशासाठी, तर एकशे नव्वद टाळ्यांसाठी. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात ते मीच. मला माझी लाज वाटते. हे वाक्य खोडणार नाही.
बसल्या बैठकीत खरं पत्र लिहिलं. कान गेलेत. श्रवणतज्ज्ञ नाही, टेक्निशियन आहे. ग्राफ मीच आवाज सोडून मीच बटण दाबून काढला. खरा ग्राफ सोबत जोडलाय. ड्रम विकू नका. पाठवलं आणि मोबाइल उशीखाली ठेवला.

२१ फेब्रुवारी
ग्रुपवरही तेच टाकलं, खऱ्या ग्राफसकट. इंजिनियरची माफी मागितली. मग मास्तरांनी लिहिलं की त्यांनी परवा नातीला रेकॉर्ड ऐकवली, तिने दोन्ही कानांवर हात ठेवले. त्यांनी हे कोणाला सांगितलं नव्हतं. मग नर्सबाईंनी लिहिलं की त्यांना कानाचं मशीन लागून तीन वर्षं झाली, पण बँड ऐकताना त्या ते काढून ठेवतात. मग एकेक करत बरेच जण बोलले. बाकी काही लोक मला शिव्या देऊन बाहेर पडले. बरोबर आहे त्यांचं.

२५ फेब्रुवारी
घण. पत्र उघडायला अर्धा दिवस घेतला.
लिहिलंय: मला दहा वर्षांपासून सिंबल ऐकू येत नाहीत. इंजिनियर म्हणाला, 'आहेत', मी मान डोलावली. तुम्ही म्हणालात, 'नाहीत', मी मान डोलावली. लाज वाटते म्हणून कोणाला विचारलं नाही. आता इंजिनियरवर विश्वास ठेवू तर तो पैसे घेतलेला माणूस, तुमच्यावर ठेवू तर तुमचा तो ग्राफ. चाहत्यांना विचारून उपयोग नाही, आवडणाऱ्यांचे कान गेलेत आणि नव्यांना जुनं कसं होतं हे माहीत नाही. आमचं गाणं न आवडणारं, पण जुनं ऐकलेलं कोणी घरात असेल तर विचारून सांगा. सिंबल असतील तर ड्रम विकत नाही. येतो.
असं माणूस घरात आहे. एकच.

२६ फेब्रुवारी
हिंमत झाली नाही. आधी ट्रेनिंगचं खोटं कबूल करावं लागेल.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
कबूल केलं. ट्रेनिंग, कान, सह्या, घण, सगळं. बायको भाजी निवडत होती. निवडून झाली, हात धुतले, पुसले, आणि म्हणाली, आणा तो हेडफोन.
सव्वीस वर्षांत तिच्या कानाला मी तो कधी लावला नव्हता. आधी जुनी कॅसेट, मग नवी रेकॉर्ड. सांगितलं, थाळीसारखं बारीक खणखणणारं काही ऐकू आलं की बोट वर कर. तिने बोट वर केलं. ते खाली येईना. दोन्ही वेळा, गाणं संपेपर्यंत वरच. मी समोर बसून त्या बोटाकडे बघत राहिलो.
हेडफोन काढून म्हणाली, आहेत. दोन्हीकडे सारख्याच आहेत.
मी तिथेच घणला कळवलं: आहेत. या.
मग तिला विचारलं, इतकं पटकन तुला कसं ओळखता आलं? म्हणाली, न ओळखायला काय झालं? तुमच्या हेडफोनमधून बाहेर तेवढंच येतं. सव्वीस वर्षं शेजारी पडून मी फक्त तेच ऐकतेय, च्स च्स च्स, झोप लागेपर्यंत.
मी म्हणालो, मग एकदा तरी सांगायचंस.
म्हणाली, सांगत होते की.