दादाच्या टाचा आणि लटकता माइक

१२ मार्च. वकीलसाहेब, मसुदा आणतो म्हणून गेलो आणि वर्षभर तोंड दाखवलं नाही, माफ करा. परवा ऑपरेशन आहे, त्यामुळे आता घाई.

मी, वय सेहेचाळीस, व्यवसाय ध्वनिमुद्रण, डोकं ठिकाणावर असताना (दादाचं मत वेगळं आहे) आणि कुणाच्याही दडपणाशिवाय (दादा वरच्याच मजल्यावर राहतो) हे मृत्युपत्र लिहितो.

१. माझी पक्कड, पाने आणि तारेचं भेंडोळं थोरल्या भावाला, म्हणजे दादाला. तारेवर त्याचाच हक्क आहे. कारण पुढे येतं.

२. तळमजल्यावरचा स्टुडिओ. इथे धाकटी बहीण अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचते. वर दादा टाचा आपटत चालतो. तो हादरा भिंतीतून फरशीत आणि फरशीतून माइकच्या स्टँडमध्ये चढतो. म्हणून माइक शॉक माउंटमध्ये, म्हणजे एका कड्याच्या आत, इलॅस्टिकच्या दोऱ्यांवर लटकत ठेवतात. हादरा दोऱ्यांतच जिरतो. माइक सैल असतो म्हणून शांत असतो. (हे मला माणसांबद्दलही म्हणायचंय का? ठाऊक नाही. खोडत नाही.)

मी गावाला गेलो असताना दादाने मदत केली. माइक डुलताना दिसला, तेव्हा तारेने कड्याला करकचून आवळला. पुढचं अख्खं पुस्तक त्याच्या पावलांसकट ध्वनिमुद्रित झालं. प्रकाशकांचा फोन आला, "नायिका खोलीत एकटीच आहे ना? मग हा कोण फिरतोय?"

"दादा, तार काढ," धाकटी म्हणाली.

"हलणारी वस्तू या घरात चालायची नाही."

"मग आधी तू हलायचा थांब!"

३. तरीही स्टुडिओ कुणाला द्यायचा, हे ठरवताना मी कच खाल्ली. दादाला तिथे व्यायामाची यंत्रं मांडायची आहेत. तसं झालं तर धाकटीचं वाचन बंद. पण थोरल्याला डावलायचं कसं? शेवटी निम्मा निम्मा लिहिला. हा न्याय की भित्रेपणा, मलाच कळत नाही. मधल्या भावाला एवढंच जमतं.

४. माझ्या पश्चात कुणाचा वाटा गळाला तर तो धाकटीला मिळावा.

वकिलांसाठी टीप: ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार व्हायचं नाही, झाला तर त्याचा वाटा जातो, असं तुम्ही बजावलं होतंत. मी ते दादाला वाचून दाखवलं. परत एकदा, सावकाश, वाचून दाखवलं.

"थोरला मी जिवंत असताना साक्षीला शेजारचा शिंपी?"

"शिंपी आहेतच. पण दादा, तुझा निम्मा स्टुडिओ जाईल."

"खरंच जाईल हं, दादा," धाकटीही म्हणाली.

"कायदा मला शिकवू नका. पेन आण!"

त्याने सही अशी ठोकली की टेबल हादरलं. नव्या इलॅस्टिकवरचा माइक जरासा डुलला आणि थांबला.

तेव्हा स्टुडिओ पूर्ण धाकटीचा. पक्कड, पाने, तारही तिचीच. तिला विनंती: पक्कड नि पाने दादाला देऊन टाक. तार देऊ नकोस.

सही: मधला
साक्षीदार: १. दादा (पेनाने कागद फाटला आहे, सही त्याचीच) २. शेजारचे शिंपी
ठिकाण: स्टुडिओ, दार लावून
तारीख: वरचीच

उद्या: दादासाठी मऊ तळाच्या सपाता आणणे.