बाराव्या टिपेतलं ‘तत्रैव’

सोमवार, १२ जून

प्रिय ताईस,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. गुडघा शेकतेस ना? रविवारी बिट्टीला तिच्या वडिलांनी तुझ्याशी फोनवर बोलू दिलं का, ते कळव.

तुझं पत्र मिळालं. वकीलसाहेब ऐन वेळी अडखळले म्हणून तू त्यांच्या नावाने बोटं मोडली आहेस. एरवी मीही मोडतो, चहा स्वतःपुरताच मागवतात. पण या वेळी नको.

साहेबांच्या ऑफिसात अर्जातले जुन्या निकालांचे दाखले मी तपासतो, हे तुला ठाऊक आहे. एक निकाल अर्जभर एकाच पद्धतीने लिहायचा, आणि लागोपाठ तोच आला तर तळटिपेत नुसतं ‘तत्रैव’, म्हणजे वरचाच. हा नियम माझाच. कुणी चुकलं की मी त्याचं डोकं खातो. टायपिस्टबाई मला माघारी ‘तत्रैवशास्त्री’ म्हणतात.

बिट्टीच्या ताब्यासाठीचा तुझा अर्ज दाखल करायच्या दिवशी सकाळी साहेब म्हणाले, “तो आपल्या विरुद्ध जाणारा निकालही घाल. लपवला असं नको व्हायला.” मूल जिथे रुळलंय तिथेच राहावं, असं सांगणारा तो निकाल. मी तो अकरावी टीप म्हणून घातला. त्याखालची बारावी टीप ‘तत्रैव’ होती, आधीच्या आपल्या बाजूच्या निकालासाठी लिहिलेली; ती बदलायची राहिली. म्हणजे ‘लहान मुलीला आईजवळच ठेवावं’ या आपल्या वाक्याला आधार लागला तो नेमका उलट्या निकालाचा.

सुनावणीत समोरच्या वकिलाने तेवढंच वाचून दाखवलं. “यांचाही आधार हाच, मग भांडण कसलं?” सगळे हसले. ताई, तूही कसनुसं हसलीस. तुला कळलं नव्हतं. मला कळलं होतं, आणि मी मागच्या बाकावर फाइल पोटाशी धरून बसून राहिलो.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, “दुरुस्त अर्ज घेऊन पुढच्या तारखेला या. तोवर मुलगी वडिलांकडेच राहील.” ती तारीख पाच महिन्यांनी. तोवर बिट्टी तिथे आणखी रुळेल, आणि तोच निकाल आपल्याला आडवा येईल. साहेबांनी लवकरची तारीख दोनदा मागितली. नाही मिळाली. आता माझ्या हातात काहीच उरलं नाही, आणि हेच मला सोसत नाही.

“सही माझी, तेव्हा चूक माझी. घरी बोलू नकोस,” असं साहेब म्हणाले. मी लगेच मान डोलावली. बाहेर जिन्यात तू विचारलंस, “आपलं काय चुकलं रे?” मी म्हणालो, “कोर्टाचं काही सांगता येत नाही.”

सांगता येत होतं. माझी जीभ रेटली नाही.

उत्तर पाठवलं नाहीस तरी मी समजेन.

तू अजून म्हणू देत असशील तर,
बिट्टीचा मामा