माद्यांचा टब

३ नोव्हेंबर, सोमवार
फर्स्ट शिफ्ट. पॅकिंगला आज बसायलाच मिळालं नाही. पाय भरून आलेत. सणसवाडीच्या नाक्यावरून खोलीपर्यंत चालत आले, तर हे गच्चीवर. गप्पी माशांची पिल्लं वेगळी करणं चाललंय. नर एका टबात, माद्या दुसऱ्या. शेपटीला रंग आला, पोटाखालचा पर काडीसारखा झाला की नर. पंख्यासारखा राहिला की मादी. जवळ बोलवून दाखवलं. कंपनीत पेटी उचलताना पाठ गेली, तेव्हापासून घरीच आहेत. माशांचं बोलतात तेवढंच बोलतात. म्हणून ऐकते.

९ नोव्हेंबर, रविवार
शिफ्ट सुटल्यावर शिरूरला जाऊन आलो, मासेवाल्या मामांच्या दुकानात. पिल्लं घेतो म्हणाले. पण माद्या भरू द्या. लहान मादीत नर सोडला तर तिची वाढ खुंटते, कधी पिल्लं देतानाच जाते. तीन-चार महिन्यांच्या तरी होऊ द्या, थंडीत आणखी थांबा. येताना एसटीत हे एकदम म्हणाले, "आपण घाई न्हाई करायची."
मी कुठं केली होती घाई.

१७ नोव्हेंबर
साहेबांचा फोन. हे ज्या लाइनला तपासणीला होते तिथले. बसून करायचं काम आहे, या म्हणाले. ह्यांनी सांगितलं, महिनाभर जाऊ द्या. डॉक्टरांनी तर दिवाळीआधीच कामावर जायला सांगितलंय. मी भाकरी थापत होते. 

२० नोव्हेंबर, गुरुवार, सुट्टी
कपडे, दळण, मांडवगणला सासऱ्यांना, आप्पांना फोन. आप्पांचा एकच प्रश्न, पोरगा कामावर कवा जाणार. पाठ बरी होतेय म्हणाले मी. दुसरं काय सांगणार.
दुपारी वर गेले. हे एकेक मादी काचेच्या बरणीत घेऊन उन्हाला धरून बघत होते. सोडायचे का नर, मला विचारलं. दिसतात की मोठ्या, म्हटलं. "अजून नको. पुढच्या आठवड्यात बघू." मागच्या आठवड्यातही हेच. लाइनला असताना एका नजरेत माल पास नाहीतर फेल करायचे. आता एवढ्याशा माशाचं ठरत नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
माद्यांच्या टबात एक नर निघाला. बारकाच, रंग उशिरा आलेला. कधीपासून फिरतोय कुणास ठाऊक. बऱ्याच माद्यांचा पोटाजवळचा ठिपका काळा पडलाय, म्हणजे पोटात पिल्लं. मामांना फोन लावला. आता नर काढून उपयोग नाही म्हणाले, एकदा जुळल्यावर मादी पुढंही पिल्लं देत राहते.
हे टबाशेजारी खालीच बसले. पाठ धरेल म्हटलं, उठले नाहीत. "माझ्या डोळ्यांदेखत हुता गं." चहा वरच नेऊन दिला. राग येत होता, हसूही. 

३० नोव्हेंबर
हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. खाली घरमालकीण काकू म्हणाल्या, माशांपायी कुणी जेवण सोडतं का. माशांपायी असतं तर...
संध्याकाळी राहवलं नाही. म्हटलं, "तुम्ही ठरवलं न्हाई, तरी झालंच ना?"
"कामाचं म्हणतीस?"
"माशांचं."
खोटं बोलले मी.

७ डिसेंबर, रविवार
सगळ्यात लहान मादी गेली. पोट तसंच भरलेलं. ह्यांनी कुंडीत पुरली. दुसरीला पिल्लं झाली, मोजकीच, पण मादी जगली. मोठ्या माशांनी खाऊ नयेत म्हणून पिल्लं लगेच उचलून वेगळी ठेवली. बाकीच्या जड आहेत अजून. काही सांगता येत नाही, हे म्हणतात.
मी तेलाने पाठ चोळून दिली. आज "नको" म्हणाले नाहीत.

११ डिसेंबर, गुरुवार
साहेबांचा परत फोन. हे जिन्यात जाऊन बोलले. पाण्याची मोटर चालू, मला काही ऐकू आलं नाही. आत येऊन विचारलं, "समजा फर्स्टला गेलो, तर ह्या माशांकडं कोण बघंल?"
काकूंना सांगू म्हटलं.
"त्यांला जमंल?"
"शिकवा की."
वर गेलेत. बराच वेळ झाला. काकूंनाही हाक मारून नेलंय, "मग हा नर का?" असं त्या विचारताना ऐकू येतंय. भात झाकून ठेवलाय. मी आज बोलवायला जाणार नाही.