कडीच्या डब्यातलं तेल

अहो,

दुसरा मायना सुचला नाही. छत्तीस वर्षं ह्याच शब्दानं तुम्हाला हाक मारली, आता कागदावर एकदम 'प्रिय' कुठून आणू? तुम्हीच आधी माझ्याकडे संशयानं बघितलं असतंत.

तुम्हाला जाऊन चौदा महिने झाले. इतके दिवस लिहिलं नाही, कारण आठवण येते, रडू येतं, ह्याखेरीज लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि ते तुम्हाला कळवायची गरज नव्हती. पण काल दुपारी मी अमोलशी खोटं बोलले आणि तुमच्यामुळे बोलले. उद्या सकाळी तो तुमची जीप न्यायला येणार आहे. त्याच्या आत मला काय ते ठरवायचंय, आणि डोकं अगदी चालेनासं झालंय. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, त्यात दिलेलं काय आणि काढायचं काय हे तरी स्पष्ट असायचं!

अमोल म्हणजे तुमच्या रविवारच्या जीपवाल्या टोळीतला सगळ्यात बडबड्या. यवतमाळचा. समोरच्या इमारतीत अजूनही त्याच तीन मित्रांबरोबर राहतो, हिंजवडीला त्याच कंपनीत जातो, आणि काकांची जीप काकांच्या पश्चात कुणा ऐऱ्यागैऱ्याकडे जाऊ नये म्हणून सहा महिने माझ्या मागे लागला होता. शेवटी मी हो म्हटलं. गाडी उभी राहून गंजण्यापेक्षा त्याच्याकडे डोंगर चढलेली बरी, असा माझा हिशोब. पहिल्याच रविवारी ती मुळशीच्या पलीकडच्या चढावर न्यायची, टोळीतल्या सगळ्यांनी तिथं तुमची आठवण काढायची, असं त्यांचं ठरलंय.

तुम्हाला आठवतं, ती जीप घरी आली तेव्हा मी काय म्हणाले होते? भोसरीच्या कारखान्यात संगणकावर चालणारी यंत्रं आली आणि टूलरूममधल्या तुमच्यासारख्या जुन्या हातांना स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी बसवलं. स्वेच्छा नक्की कुणाची, ते त्या पत्रात लिहिलं नव्हतं. महिनाभर तुम्ही गॅलरीत बसून नुसते रस्ता बघत होतात. आणि एक दिवस लिलावातली ती जुनी डिझेल जीप घेऊन दारात हजर! मी म्हटलं, "रणगाडे संपले होते का?" तुम्ही हसलात. महिन्याभरात पहिल्यांदा हसलात, म्हणून मी पुढचं बोलले नाही.

पुढे आयटीतली ही पोरं नव्याकोऱ्या जीपा घेऊन तुमच्याकडे यायला लागली. लाखांच्या गाड्या, पण बॉनेट कसं उघडायचं ठाऊक नाही! तुम्ही त्यांचे काका झालात. आणि एका सकाळी माझा कडीचा डबा नाहीसा झाला. साजूक तुपाचा, लग्नातला!

चार दिवसांनी तो मला जीपच्या बॉनेटखाली दिसला. वर दोन नळ्या जोडलेल्या, खाली एक छोटी तोटी, आणि आत माझ्याच तारेच्या दोन घासण्या. मी कमरेवर हात ठेवून उभी, आणि तुम्ही वर्गात शिकवावं तसं मला समजावत होतात. कुकरची शिट्टी होताना वरणाचं पाणी उडून झाकणावर येतं ना, तसंच इंजिनाचं. पिस्टनच्या कडेनं थोडा धूर खाली निसटतो, त्याला ब्लो-बाय म्हणतात. तो बाहेर पडताना तेलाचे बारीक कण घेऊन जातो. चढावर गाडी तिरकी झाली की जास्तच. ते तेल हवेच्या वाटेनं परत इंजिनात जाऊन जळतं, आतून काजळी धरते, मागून निळा धूर निघतो. मधे हा डबा ठेवला की तेल घासणीला चिकटून खाली साचतं आणि हवा तेवढी पुढे जाते. पोरं ह्याला कॅच कॅन म्हणतात आणि परदेशातून मागवतात. "आपल्या घरात फुकट पडला होता," तुम्ही म्हणालात. फुकट!

तुम्ही मला सगळं सांगितलंत, पण साचलेल्या तेलाचं पुढे काय करायचं ते सांगितलं नाहीत. का नाही सांगितलंत हो?

तुम्ही गेल्यावर अमोलनं बजावलं होतं, "काकू, आठवड्यातून एकदा गाडी फिरवत जा." मग मी दर मंगळवारी जीप काढायला लागले. होय, मी. तुम्हीच शिकवली होतीत. कर्वेनगरातून नदीपर्यंत जाऊन परत. एकदा तर गव्हाचं पोतं आणायला मार्केट यार्डात नेली, तिथले हमाल काम सोडून माझ्याकडे बघत होते. आणि घरी आलं की डब्याखालची तोटी उघडून तेल वाटीत काढायचं. तुम्ही काढायचात ना, तसंच. एवढं निगुतीनं साठवलेलं तेल टाकायचं कसं? मी ते चहाच्या गाळणीनं गाळलं आणि पुन्हा इंजिनात ओतलं. वर्षभर! दुधावरची साय जमवावी तशी एक थेंब वाया घालवला नाही. तुम्ही वरून बघत असाल आणि म्हणत असाल, शिकली एकदाची, असं मला वाटायचं.

मागच्या रविवारी अमोल गाडी बघायला आला. मी त्याच्यासमोर ऐटीत वाटी काढली, गाळणी धरली. तो ओरडलाच.

"काकू, हे काय करून राहिले तुम्ही?"

"तेल घालतेय. तुझ्या काकांचं राहिलेलं काम."

"अहो, फेकायचं असते ते! पाणी असते त्याच्यात, काजळी असते, अर्धं जळलेलं डिझेल असते. काका तर आम्हाला डोळे वटारून सांगत होते ना बापा, हे परत इंजिनात गेलं तर तुमचे कान उपटीन म्हणून!"

त्यांना डोळे वटारून सांगत होतात आणि मला नाही? मी तिथंच गाळणी घेऊन उभी राहिले. मला वाटलं, तुमची एक वस्तू माझ्या ताब्यात राहिली होती, ती मी माझ्या हातानं मारली. अमोल म्हणत होता, "जाऊ द्या न काकू, एवढं काही नाही होत." पण त्याचा चेहरा मला दिसत होता.

म्हणून काल सकाळी कुणाला न सांगता जीप शिंद्यांकडे नेली. टूलरूममधले तुमचे शिंदे. तुमच्याबरोबरच घरी बसवलेले, आता गुलटेकडीच्या मागं गॅरेज चालवतात. मी सगळं कबूल केलं, अगदी गाळणीसकट. त्यांनी डबा सोडवला, नळी मोकळी केली आणि गाडी सुरू करायला सांगितली. अहो, त्या नळीतून असे भपकारे यायला लागले की मी मागं सरले. तेल भरायच्या झाकणातूनही तेच.

"मी केलं ना हे?" मी विचारलं.

"न्हाई वहिनी. तुमच्या वाटीभर तेलानं एवढं व्हत न्हाई. पिस्टनच्या रिंगा कवाच गेल्यात. चार-पाच वर्सं तरी झाली आसतील. साहेबांना ठावं व्हतं."

"ठाऊक होतं? मग दुरुस्त का नाही केली?"

शिंदे फडक्याला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "रिंगा बदलायच्या तर इंजिन समदं उतरवाय लागतं. त्ये म्हनले, शिंदे, इंजिन उतरवलं की हिला कळंल. तवर एवढा धूर डब्यात अडव. हिला दिसला की गाडी जाईल."

मला एकदम आठवलं. तुम्हाला पहिली चक्कर येऊन गेली, त्या आठवड्यात मी अट घातली होती. गाडी चांगली आहे तोवर फिरवा, पण ज्या दिवशी धूर ओकायला लागेल त्या दिवशी विकायची. अर्ध्या डोंगरात बंद पडलेली गाडी ढकलायला मी तुम्हाला जाऊ देणार नाही. तुम्ही "बरं" म्हणालात. आणि दर रविवारी निघताना मला खाली बोलवायचात. "बघ गं, दिसतोय का धूर?" मी चष्मा लावून, वाकून वाकून बघायची. "नाही बाई, नाही दिसत," म्हणायची. तुम्ही खुशीत शीळ घालत जायचात. माझाच डबा, माझ्याच घासण्या, आणि तपासायलाही मीच! इतकं गुपचूप तुम्हाला करता येतं हे मला छत्तीस वर्षांत कळलं नाही.

मला राग आलाय. पण कशाचा ते नीट कळत नाही. तो डबा म्हणजे औषध होतं की फसवणूक? अमोलच्या नव्या गाडीत तुम्हीच बसवलेला डबा आहे, त्याचं इंजिन ठणठणीत आहे, तिथं तो खरोखर उपयोगाचा. आपल्या गाडीत तोच डबा खोटं बोलत होता. एकच वस्तू दोन ठिकाणी दोन कशी? मी शिंद्यांना विचारलं तर ते म्हणाले, "डबा त्याल आडवतो वहिनी, झीज न्हाई आडवत." हे तुम्हाला माहीत होतं. मग चढावर बसून तुम्ही स्वतःला काय सांगत होतात?

आणि मुख्य ते अजून राहिलंच. निघताना शिंदे म्हणाले, सपाटीला चालवा, काही होत नाही. पण असल्या इंजिनानं खडा चढ धरला, तर तेल एवढं येईल की डबा भरून वाहील आणि इंजिन ते तेलच पिऊन पळायला लागेल. मग किल्ली काढली तरी थांबत नाही. डिझेलचं इंजिन असंच असतं म्हणाले. तुमचं असं कधी झालं होतं का? एकदा तुम्ही संध्याकाळी आलात, किल्ली मुठीतच धरून बसलात, आणि "ऊन लागलं" म्हणालात. तेव्हा मी तुम्हाला कोकम सरबत दिलं होतं!

एवढं ऐकूनही मी शिंद्यांना डबा पुन्हा बसवायला सांगितला. का सांगितला, मलाच समजत नाही. घरी आले तर अमोलचा फोन. "काकू, शिंदेमामाकडे गेल्ते म्हणे, टोळीतल्या एकानं पाहिलं. काय म्हणाले?"

"ठीक आहे म्हणाले," मी म्हटलं.

"मग रविवारी चढवतो न! काकांनी कधी कोणाले खराब गाडी दिली नाही."

त्याच एका वाक्यापायी मी खोटं बोलले होते, आणि ते त्यानं नंतर उच्चारलं. मी फोन ठेवला. तुम्ही त्या पोरांचे काका होतात. यंत्राशी खोटं बोलायचं नाही, हे तुम्ही त्यांना इतक्यांदा ऐकवलं होतं की ते तुमची नक्कल करून दाखवायचे. त्यांच्यासमोर मी तुम्हाला कसं उघडं पाडू? आणि नाही पाडलं, तर त्या चढावर अमोल बसणार आहे. त्याची आई दिवाळीला माझ्यासाठी अनारसे पाठवते.

सकाळपासून दोनदा खाली जाऊन आले. पहिल्यांदा वाटलं, डबा काढून फेकून द्यावा. दुसऱ्यांदा बॉनेट उघडून नुसतीच उभी राहिले, तर सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "आपण ह्याची पूजा घालणार आहात का?" मी म्हटलं, "हो, प्रसादाला या."

एक विचारू? तुम्ही मला सांगितलं असतंत की रिंगा गेल्या, तर मी खरंच विकायला लावली असती का? काल हाच प्रश्न मी स्वतःला विचारत बसले. गॅलरीत बसून रस्ता बघणारे तुम्ही मला आठवलात. नसती लावली हो. चार दिवस बोलले असते, आदळआपट केली असती, आणि मग इंजिन उतरवायला शिंद्यांना मीच बोलावलं असतं. तुम्ही मला विचारायचंत तरी! एवढी का मी तुम्हाला कडक वाटत होते? की मी खरंच तशी होते? ह्याचं उत्तर आता मला कोण देणार?

तुम्हाला मी माफ केलंय की नाही, तेही मला ठाऊक नाही. विचार करून कळवते.

पण उद्याचं एक नक्की, आणि ते तुम्हाला शब्द देऊन करते. अमोल आला की त्याला आधी चहा देणार नाही, खालीच थांबवणार. माझ्या हातानं डबा सोडवणार आणि गाडी सुरू करणार. नळीतून धूर होऊ दे, पार्किंग भरू दे, वरचे खिडक्या आपटून बंद करू देत. अमोलला मी सांगेन की तुझ्या काकांनी हे माझ्यापासून चार वर्षं लपवलं, आणि मी तुझ्यापासून दोन दिवस. रिंगा बदलून होईपर्यंत ही गाडी डोंगरावर जाणार नाही. तो तुमच्याबद्दल काय समजायचं ते समजेल. तुम्हाला आवडणार नाही, मला माहीत आहे.

रागावलात तरी चालेल. तो पोरगा संध्याकाळी घरी यायला हवा.

तुमची,
कुमुद