कालोयानची जुडी

२४ जून, एन्योचा दिवस

ईवेलिना पोरी,

भरभरून आशीर्वाद. गुडघे सोडले तर मी बरी आहे. चेरी यंदा लवकर पिकल्या, निम्म्या पाखरांनीच संपवल्या. स्पेनमध्ये ऊन फार म्हणतात, डोक्याला रुमाल बांधत जा.

तुझं ईस्टरचं पत्र मिळालं होतं. "आई, कोर्टात येऊन तेवढं एक वाक्य बोला, म्हणजे मला पुन्हा लग्न करता येईल," असं तू लिहिलंस. त्याकडे येते. आधी आजचं सांगते.

पहाटे दव असतानाच शेजारच्या रूसाबरोबर आजच्या सणाचा औषधी पाला तोडायला टेकडीवर गेले. रूसा माझ्याहून किती मोठी, तरी मलाच म्हणते, "त्सोने, वाकताना कण्हतेस काय? तुझ्या वयात मी नाचत होते!" रानओवा, कडू दवणा, पिवळी एन्योफुलं, सगळं मिळालं. घरी येऊन जुड्या बांधायला बसले. घरातल्या प्रत्येकाची एक, नाव घेऊन, लाल दोऱ्यानं. तू परदेशात असलीस तरी तुझी कधी चुकवली नाही. मागे तुला खोकला झाल्याचं कळलं, तेव्हा तुझ्याच जुडीतल्या काड्या निखाऱ्यावर टाकून घरभर धुरी फिरवली होती.

माझ्या पोराची, तुझ्या कालोयानचीही बांधत आले. त्याची होडी रिकामी परत आली त्या वर्षीही बांधली, आणि नंतरही दरवर्षी. असली जुडी फक्त जिवंत माणसाची बांधतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण समुद्रानं काही परतच दिलं नाही, तर मी कशाला मानू?

एक गोष्ट तुला कधी कळवली नाही. आपल्या दोघींच्या जुड्या द्राक्षं उतरेपर्यंत कडकडीत वाळतात. त्याची वाळतच नाही. ओसरीत टांगलेली असते आणि खाली थेंब थेंब पाणी गळतं. कुत्रा तिकडे फिरकत नाही. सकाळी त्याच्या अंथरुणाची चादर दमट लागते, उशीवर मीठ असतं. मला भीती नाही वाटली गं. खोटं कशाला बोलू, बरंच वाटायचं. पोरगा घरी येतोय ना! म्हणून तर तुझं पत्र उशाखाली ठेवून गप्प बसले.

पण या वसंतापासून चुलीजवळच्या कोपऱ्यात दात वाजल्याचा आवाज येतो. तो कुडकुडतो, ईवेलिना. मी मे महिन्यात चूल धडधडून पेटवली, कोपऱ्यात घोंगडी ठेवली. ती सकाळी चिंब. शेवटी रूसाला सांगितलं. तिच्या जिभेला हाड नाही, पण त्या दिवशी ती हसली नाही.

"अगं, जिवंताच्या दोऱ्यानं बांधून ठेवलंयस त्याला. जाणार कसा तो?"

"मी आई आहे त्याची."

"म्हणून तर सुटत नाहीये बिचारा. सोड त्याला, त्सोने."

आज त्याची नवी जुडी बांधली नाही. जुनी काढली आणि दोरा तोडून निखाऱ्यावर ठेवली. ओली ती, पेटेना. नुसता धूर झाला, माझे डोळे चुरचुरले. आजाऱ्याला देतात तशी धुरी सगळीकडे फिरवली, त्याच्या खाटेखालीही. दार सताड उघडं, पण धूर बाहेर जाईना. चुलीजवळच उभा राहिला. मी म्हटलं, "जा रे बाळा. ओल्या अंगानं किती दिवस बसशील?" बराच वेळ काही झालं नाही. मग तो जमिनीलगत सरकत उंबऱ्यावरून निघून गेला. मी पाठ फिरवून रडले. तुझ्यापासून काय लपवायचं.

आता चुलीवर गहू शिजताहेत. गेलेल्या माणसाच्या नावानं वाटतात तसे साखर घालून शेजारी वाटीन. इतकी वर्षं त्याच्या नावानं हे केलं नव्हतं.

कालोयान गेला, ईवेलिना. लिहिलं बघ. कोर्टातही हेच बोलीन, तारीख कळव.

घर कोरडं झालंय. मला ते खायला उठतं. होईल सवय.

एका जुडीपुरती पानंफुलं उरली आहेत, तांब्यात घालून ठेवलीत. तुझ्या त्या माणसाचं नाव तू पत्रात कुठंच लिहिलं नाहीस. मला लागेल असं वाटलं असेल तुला. पण नाव घेतल्याशिवाय जुडी बांधता येत नाही, तेव्हा लवकर कळव.

आता फक्त तुझीच,
आई